पृथ्वीच्या अंतःकरणाचा शोध : रिचर्ड डिक्सन ओल्डम

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन वारंवार हादरू लागली. पुढील फेब्रुवारीत धर्मग्रामातील काही तरुणांना घेऊन, ताडपत्र्या व ब्लँकेटे बरोबर देऊन, आम्ही तिकडे गेलो होतो. धडधाकट घरे मागे उभी असूनही माणसे अंगणात प्लास्टिकच्या आडोशाला थंडीत झोपत होती. एका वृद्धेने आम्हांला विचारले, "फादर, आमचं काय चुकलं म्हणून धरतरी अशी हलते?"

लूकच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय आम्ही तिला सोप्या शब्दांत सांगितला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभू येशूने लोकांना विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले : नाही. पश्चात्तापाची हाक त्याने सर्वांनाच दिली, परंतु मेलेल्यांच्या माथी पाप मारले नाही. वृद्धेने हे शांतपणे ऐकून घेतले आणि मग दुसरा प्रश्न केला, "मग ती हलते तरी कशानं?"

पहिल्या प्रश्नासाठी सेमिनरीने आम्हांला थोडेफार तयार केले होते. दुसऱ्याने मात्र आमची फजिती केली. परत आल्यावर आम्ही वाचू लागलो आणि त्या वाचनात रिचर्ड डिक्सन ओल्डम हा माणूस भेटला. आपल्याच देशातल्या एका महाभयंकर भूकंपाच्या ढिगाऱ्यातून त्याने पृथ्वीच्या पोटातील गाभ्यापर्यंतची वाट शोधली. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून हा प्रपंच.

ओल्डमकडे वळण्यापूर्वी लिस्बनला जाऊन यावे लागेल, कारण त्याच्या अभ्यासपद्धतीचा उगम तिथे सापडतो आणि त्यात आमच्यासारख्या धर्मगुरूंचाही हात आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, मिस्साच्या वेळी पोर्तुगालची ही राजधानी हादरली. भाविकांनी भरलेली चर्चे कोसळली, मागोमाग समुद्र चढून आला आणि नंतर दिवसेंदिवस आग धुमसत राहिली. गाब्रिएल मालाग्रिदा या जेज्वीट धर्मगुरूने दुसऱ्या वर्षी एक पुस्तिका छापून, या विनाशाचे खरे कारण निसर्गात नसून लिस्बनकरांच्या पापांत आहे, असे बजावले. पोंबाल हा मंत्री त्यामुळे खवळला. पुढे १७६१ मध्ये मालाग्रिदाला देहदंड झाला. ती शिक्षा क्रूर होती आणि तिच्यामागे राजकारण होते, हे आम्ही मानतो. परंतु त्याच पोंबालच्या शासनाने आणखी एक गोष्ट केली. राज्यातील धर्मग्रामांना एक प्रश्नावली पाठविली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? किती घरे पडली, किती माणसे दगावली? समुद्र आधी ओसरला की आधी चढला? गावोगावच्या पॅरिश प्रिस्टांनी आपापल्या परीने उत्तरे लिहून पाठविली. त्यांतील अनेक उत्तरे लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. मालाग्रिदाच्या पुस्तिकेपेक्षा या साध्यासुध्या उत्तरांनी देवाच्या सृष्टीची अधिक सेवा केली, असे आमचे नम्र मत आहे.

शंभर वर्षांनी, डिसेंबर १८५७ मध्ये, नेपल्सच्या राज्यात भूकंप झाला. डब्लिनचा रॉबर्ट मॅलेट हा अभियंता तेथील उद्ध्वस्त गावांतून हिंडला. भिंतींना तडे कोणत्या दिशेने गेले, खांब कोणत्या बाजूला पडले, हे मोजून धक्का कोठून आला असावा याचा त्याने अंदाज बांधला. भूकंपशास्त्राचे इंग्रजी नाव त्यानेच रूढ केले. त्याच डब्लिनमध्ये भूशास्त्राचे प्राध्यापक असलेले थॉमस ओल्डम १८५१ मध्ये भारतात आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख झाले. १० जानेवारी १८६९ रोजी काचारला भूकंप झाला, तेव्हा त्यांनी मॅलेटची पद्धत भारतात प्रथमच कसोशीने वापरली. मात्र काम पुरे करून छापणे त्यांच्या हातून झाले नाही. १८७८ मध्ये ते वारले.

त्यांचा मुलगा रिचर्ड याचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिनमध्ये झाला होता. वडिलांच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, १८७९ मध्ये, तो भारतीय सर्वेक्षणात रुजू झाला. डोंगरदऱ्या तुडविणे आणि खडकांचे नकाशे करणे ही त्याची नोकरी. वडिलांनी अर्धवट ठेवलेली कागदपत्रे त्याने हाती घेतली आणि काचारच्या भूकंपाचा वृत्तान्त १८८२ मध्ये पूर्ण केला. दुसऱ्या वर्षी वडिलांनी जमविलेली भारतातील भूकंपांची यादीही छापून काढली. पंचविशीतल्या तरुणाने दिवंगत पित्याच्या टिपणांतून एकेक तारीख लावीत बसावे, हे चित्र आमच्या मनातून जात नाही.

जुन्या भूकंपयाद्यांचा विषय निघाला आहे, तर वसईकरांसाठी थोडे विषयांतर करतो. अशा याद्यांत मुंबई परिसरासाठी २६ मे १६१८ ही तारीख आढळते. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या चर्चांची व घरांची त्या वेळी मोठी हानी झाली होती. पुढच्या अभ्यासकांना मात्र ते मुख्यतः चक्रीवादळ असावे असे वाटते. घाबरलेल्या माणसाला वारा आणि भूकंप वेगळे करता येत नाहीत. म्हणूनच साक्ष घेताना प्रश्न नेमके विचारावे लागतात.

आता १२ जून १८९७ कडे येऊ. शनिवारचा दिवस, संध्याकाळचे सव्वापाच. आसामात पावसाळा लागला होता. शिलाँगच्या पठाराखालून उठलेल्या त्या धक्क्याने सुमारे दीड लाख चौरस मैलांतील दगडविटांच्या इमारती उद्ध्वस्त केल्या, आणि तो जवळजवळ साडेसतरा लाख चौरस मैलांत जाणवला. शिलाँगची दगडी बांधकामे क्षणात जमीनदोस्त झाली. चेरापुंजीच्या बाजूस कडे कोसळून गावे गाडली गेली. सरकारी मोजणीनुसार १,५४२ माणसे मेली. एवढ्या प्रचंड भूकंपाला हा आकडा लहान वाटतो. दिवसाउजेडी बहुतेक लोक घराबाहेर होते, हे त्याचे एक कारण. हाच धक्का मध्यरात्री बसता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

ओल्डम तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याने सहकाऱ्यांना निरनिराळ्या दिशांना पाठविले. ला टूश शिलाँगकडे गेले, तर हेडन, व्रेडनबर्ग आणि ग्राइम्स इतर भागांत. पुढील हिवाळ्यात तो स्वतः गारो टेकड्या पालथ्या घालीत फिरला. सरकारी अधिकारी, रेल्वे व तार कचेऱ्या, चहाच्या मळ्यांचे व्यवस्थापक अशा अनेकांकडून त्याने माहिती मागविली. लिस्बनच्या प्रश्नावलीचीच ही पुढची पिढी म्हणायची. सर्वांत मोठी पंचाईत वेळेची झाली. धक्का कोठे किती वाजता पोहोचला हे कळल्याशिवाय त्याचा वेग काढता येत नाही. पण घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती, आणि तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळही नव्हती. ओल्डमने प्रत्येक साक्षीचा भरवसा किती धरावा हे पारखून मगच ती हिशेबात घेतली.

धर्मगुरू या नात्याने आमचे लक्ष वेधले ते थडग्यांनी. दफनभूमीतील उभे दगड ही भूकंपाची आयती यंत्रेच असतात. उंच आणि अरुंद दगड थोड्या झटक्याने पडतो, तर बुटका आणि रुंद दगड पाडायला जोराचा झटका लागतो. कोणता पडला आणि कोणता उभा राहिला, हे मोजमापांसह लिहून घेतले की धक्क्याचा जोर या दोन मर्यादांमध्ये पकडता येतो. सिल्हेट भागातील छातक येथे, जे आज बांगलादेशात आहे, जॉर्ज इंग्लिस यांचा उंच स्मारकस्तंभ होता. त्याचा शेंडा तुटून पडला आणि उरलेला भाग जागच्या जागी पिळवटला गेला. ओल्डमने त्याचे छायाचित्र आपल्या वृत्तान्तात दिले आहे. आपण नोव्हेंबरात दफनभूमीत जातो, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. मेलेल्यांचे दगड जिवंतांच्या उपयोगी अशा रीतीने पडतील, हे कधी आमच्या ध्यानी आले नव्हते.

गारो टेकड्यांत त्याला याहून नवलाची गोष्ट दिसली. जमिनीत रुतलेले धोंडे आपल्या खळग्यांतून वर उडून बाजूला पडले होते, आणि खळग्यांच्या कडा मात्र जशाच्या तशा शाबूत होत्या. धोंडा घरंगळता तर कड मोडली असती. याचा अर्थ, सुपात धान्य पाखडताना दाणे उसळावेत तसे ते धोंडे सरळ वर उडाले होते. जमिनीचा वर जाणारा झटका गुरुत्वाकर्षणालाही भारी पडला होता. चेद्रांग नदीच्या काठाने तर जमीन बारा मैल लांब फाटली होती, आणि भेगेच्या एका बाजूची भूमी काही ठिकाणी पस्तीस फुटांपर्यंत उचलली गेली होती. नदी ती भेग पुन्हा पुन्हा ओलांडते. त्यामुळे कोठे नवा धबधबा झाला, तर कोठे पाणी तुंबून तळे साचले. भूकंपशास्त्रात अशा भेगेला प्रस्तरभंग म्हणतात.

हे सारे निरीक्षण १८९९ मध्ये जाडजूड वृत्तान्ताच्या रूपाने प्रसिद्ध झाले. ओल्डम एवढ्यावर थांबला असता तरी त्याचे नाव राहिले असते. परंतु त्याने आपली नजर आसामवरून उचलून इटलीकडे वळविली.

इटलीच का? तेथे भूकंपाची यंत्रे ठेवण्याची परंपरा जुनी होती, आणि ती जोपासणाऱ्यांत धर्मगुरू बरेच होते. बार्नाबाइट संघाचे फादर बेर्तेल्ली, पिआरिस्ट संघाचे फादर चेक्की ही त्यांपैकी दोन नावे. वर्तमानपत्रांतून ज्यांचे नाव आपण 'मर्काली श्रेणी' म्हणून वाचतो ते जुझेप्पे मर्काली हेही दीक्षित धर्मगुरू होते. असो. तर आसामच्या धक्क्याने हजारो किलोमीटर दूर असलेल्या इटलीतील यंत्रांच्या लेखण्याही हलविल्या होत्या. ते कागद समोर ठेवून ओल्डमने पाहिले, तेव्हा एकाच भूकंपाच्या रेघेत तीन वेगळ्या हालचाली, एकामागून एक आलेल्या, त्याला ओळखू आल्या.

मिस्साला कम्युनियनची रांग असते. मागून कोणी ढकलले की धक्का माणसामाणसांतून पुढे सरकत जातो आणि प्रत्येक जण त्याच दिशेने पुढे-मागे हलतो. पहिली, सर्वांत वेगवान लहर अशी असते. तिला प्राथमिक लहर म्हणतात. आता विहिरीच्या दोराचे एक टोक झटकून पाहा. लाट दोराच्या लांबीने पुढे जाते, पण दोर मात्र आडवा हलतो. ही दुय्यम लहर. ती मागाहून पोहोचते, आणि द्रवातून मुळीच जाऊ शकत नाही, कारण पाणी असे आडवे झटकता येत नाही. तिसरी, संथ आणि मोठी, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून येणारी. अशा लहरी असू शकतात हे गणितज्ञांनी आधीच कागदावर मांडले होते. यंत्रांच्या नोंदींत त्या प्रथम स्पष्टपणे ओळखल्या त्या ओल्डमने.

आसामच्या दुर्घटनेनंतर भारतातही नियमित भूकंपमापन सुरू झाले. डिसेंबर १८९८ मध्ये कलकत्त्याच्या अलीपूर येथे जॉन मिल्न यांच्या बनावटीचे यंत्र बसले. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही तसेच यंत्र आले. तेव्हा तिथे नानाभाई मूस हे पहिले भारतीय संचालक होते. जगभर विखुरलेल्या अशा केंद्रांमुळे एकाच भूकंपाच्या नोंदी निरनिराळ्या अंतरांवर मिळू लागल्या.

प्रकृती साथ देईना म्हणून ओल्डमने १९०३ मध्ये नोकरी सोडली आणि तो इंग्लंडला परतला. इतरांचे आयुष्य निवृत्तीत आवरते. याचे मोठे काम तर अजून व्हायचे होते. लांबवरच्या भूकंपांच्या नोंदी जमवून त्याने एक साधा प्रश्न विचारला : लहरींना अमुक अंतर कापायला किती वेळ लागतो? अंतर वाढेल तशा लहरी पृथ्वीच्या अधिक खोल भागातून जातात. त्याला आढळले की एका मर्यादेपलीकडे लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा येतात, आणि दुय्यम लहरींचा उशीर तर फारच मोठा आहे. वाटेत त्यांना अडविणारे, मंद करणारे काहीतरी आहे. १९०६ च्या आरंभी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने निष्कर्ष मांडला : पृथ्वीच्या पोटात, बाहेरच्या थरांहून अगदी वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे, आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश असावी.

पृथ्वीच्या मध्याशी काहीतरी जड असले पाहिजे असा तर्क आधीही होता. पण गाभ्याच्या अस्तित्वाचा भूकंपलहरींवरून मिळालेला पहिला पुरावा हाच. मात्र त्याचा हिशेब पूर्णपणे बरोबर नव्हता. आज आपण जाणतो की गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या अर्ध्याहून अधिक आहे. उशिरा आलेल्या ज्या लहरी त्याने गाभ्यातून आलेल्या दुय्यम लहरी मानल्या, त्या तशा नव्हत्या, कारण गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप असल्यामुळे त्या त्यातून येऊच शकत नाहीत. जर्मनीत बेनो गुटेनबर्ग यांनी पुढील दशकात गाभ्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर ठरविली. तो द्रवरूप असल्याचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखविले. ओल्डम वाटेत थोडा चुकला, पण दारापाशी योग्य पोहोचला. आम्हांला यात कमीपणा दिसत नाही.

त्याच १९२६ साली, अडुसष्टाव्या वर्षी, ओल्डमने आणखी एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. विषय होता १६ जून १८१९ चा कच्छचा भूकंप, ज्यात सपाट रणातून जमिनीचा एक लांबच लांब उंचवटा वर आला आणि लोकांनी त्याला 'अल्ला बंद' म्हटले. परंतु त्या ग्रंथाच्या नावातच त्याने दुसरेही एक काम नोंदविले होते : १८९७ च्या भूकंपाची फेरतपासणी. स्वतःचाच सत्तावीस वर्षांपूर्वीचा, जगभर वाखाणला गेलेला निष्कर्ष त्याने म्हातारपणी पुन्हा टेबलावर काढून ठेवला होता. आमच्या कपाटातील जुनी प्रवचने पुन्हा वाचण्याचे धैर्य आम्हांला होत नाही, हे इथे कबूल केलेले बरे.

१५ जुलै १९३६ रोजी वेल्समधील लँड्रिंडॉड वेल्स येथे तो वारला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषीने द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक आतला गाभा असल्याचे दाखवून दिले. ओल्डमने उघडलेल्या दालनाच्या आत अशी आणखी एक खोली निघाली.

त्या वृद्धेच्या प्रश्नाचे थेट उत्तर मात्र ओल्डमच्या हयातीत मिळाले नाही. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांचे बनले आहे, ते सरकतात आणि भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटरच्या गतीने उत्तरेकडे आशियात घुसतो आहे, हे चित्र १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. त्या दाबाने खडकांत ताण साठतो आणि जुन्या भेगांवर तो अकस्मात मोकळा होतो. आपले दख्खनचे पठार स्थिर, असे आपण शाळेत घोकले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीने ते पाठांतर पुसून टाकले. किल्लारीच्या वेळी आम्ही सेमिनरीत होतो. मदतकार्यासाठी गेलो तेव्हा चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांचे ढीग पाहिले. पहाटे चारच्या सुमारास माणसे त्यांखाली झोपलेली होती. आसामात १८९७ नंतर लाकडी सांगाडा, वेताबांबूच्या लिंपलेल्या भिंती आणि हलके छप्पर अशी घरे रूढ झाली. त्यांना आजही 'आसाम पद्धतीची घरे' म्हणतात. तो धडा हजारो माणसे गाडली जाईपर्यंत मराठवाड्यात पोहोचला नव्हता.

ओल्डमच्या कथेतला एक धागा राहिला. भूकंपानंतर सर्वेक्षण खात्याने शिलाँग पठारावरील त्रिकोणमितीय मोजणी पुन्हा केली, तेव्हा काही शिखरे काही फुटांनी सरकली व उचलली गेली असे दिसले. पण ज्या बिंदूंना स्थिर मानून मोजायचे, तेच हलले नसतील कशावरून? ओल्डमला याचा उलगडा होईना. त्याने आकडे दडविले नाहीत की ओढूनताणून अर्थही लावला नाही. वृत्तान्तात ते छापून ठेवले. एकशे दोन वर्षांनी, भूजच्या भूकंपाच्याच वर्षी, २००१ मध्ये, रॉजर बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड यांनी त्या जुन्या मोजण्या नव्या गणिताने पुन्हा तपासल्या. पठाराच्या उत्तर कडेखाली, हिमालयाकडे नव्हे तर दक्षिणेकडे झुकलेला, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग १८९७ मध्ये सरकला आणि त्या कडेने पठार किमान अकरा मीटर उसळले, असे त्यांचे अनुमान निघाले. त्याला त्यांनी ओल्डम प्रस्तरभंग असे नाव दिले. तो जमिनीच्या वर कोठेही आलेला नाही, त्यामुळे तिथे जाऊन बोट ठेवून दाखविता येत नाही. काही अभ्यासकांना तो तिथे आहे हेच मान्य नाही, आणि ते भूकंपाचे उगमस्थान आणखी उत्तरेला, ब्रह्मपुत्रेच्या बाजूला शोधत आहेत.